आधी चौकट, मग रंग: काढलेला फोटो कापण्याची आणि सुधारण्याची क्रमवार पद्धत

गुढीपाडव्याची शोभायात्रा झाली की पुढचा आठवडाभर, आणि ठाणे खाडीत फ्लेमिंगो असेपर्यंत जवळजवळ दर सोमवारी, ओळखीची मंडळी मला फोटो पाठवतात. सोबत एकच प्रश्न असतो: "हा सुधारता येईल का?" बहुतेकदा फोटो काढताना चूक झालेलीच नसते. घरी आल्यावर आधी फिल्टर, मग रंग, मग शार्पनिंग (कडा ठसठशीत करणं) आणि शेवटी क्रॉप (चौकट कापणं) असा उलटा प्रवास झालेला असतो, तोही एकुलत्या एका फाईलवर. मग परतीची वाट उरत नाही.

फोटो काढल्यावर तो कापावा का, सुधारावा का, यावर माझं उत्तर 'हो' असं आहे. "मी काहीच एडिट करत नाही" असं म्हणणाऱ्याच्या जेपेग फोटोवरही कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने कॉन्ट्रास्ट, रंग आणि शार्पनिंगचं काम आधीच केलेलं असतं. ते काम यंत्राच्या अंदाजावर सोडायचं की आपण बघून करायचं, एवढाच निर्णय आपल्या हातात आहे. मात्र पायऱ्यांचा क्रम बदलला की निकाल बिघडतो. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा.

## १. तयारी: फोटो काढतानाच क्रॉपसाठी जागा ठेवा

चांगल्या क्रॉपची सुरुवात बटण दाबताना होते. विषयाभोवती थोडी मोकळी जागा राहू द्या. नंतर फोटो सरळ करताना कडा कापल्या जातात, आणि पक्ष्याचे पाय किंवा फेट्याचा तुरा कडेला चिकटलेला असेल तर सरळ करायला वावच राहत नाही.

क्रॉप करणार हे आधीपासून माहीत असेल तर शटर स्पीड वाढवा, म्हणजे शटर कमी वेळ उघडं ठेवा. ऐरोलीच्या बोटीतून ३०० मिमीच्या लेन्सने फ्लेमिंगो टिपताय असं समजा. फुल फ्रेम (फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात हाताची थरथर टाळायला साधारण १/३०० सेकंद हा जुना आडाखा आहे. फोटो लांबी-रुंदीने निम्मा कापणार असाल तर थरथरही दुप्पट मोठी दिसेल, म्हणून १/६०० च्या पुढे जा. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सर असेल तर सरळ १/१००० लावा. बोट स्वतःही हलत असते, त्यामुळे मी तिथे १/१००० च्या खाली सहसा उतरत नाही.

कॅमेऱ्यात रॉ फाईलची, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीची, सोय असेल तर ती सुरू करा. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला (लाल, हिरवी, निळी) १६,३८४ पायऱ्या मिळतात, ८ बिटच्या जेपेगमध्ये २५६. संध्याकाळचं आकाश थोडं उजळ-गडद केलं की जेपेगमध्ये पट्टे दिसायला लागतात, ते या कमी पायऱ्यांमुळे.

मोबाइलवाल्यांसाठी एक गोष्ट. बोटांनी ताणून केलेला झूम, लेन्स बदलली नाही तर, क्रॉपच असतो. तो आधीच केलात तर बाकीचा फोटो कायमचा जातो. शक्य असेल तिथे झूम न करता काढा आणि नंतर शांतपणे कापा.

लक्षात ठेवा: क्रॉपने माणूस 'जवळून' टिपल्यासारखा होत नाही. चेहऱ्याच्या फार जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं ते अंतरामुळे. कितीही कापलंत तरी ते तसंच राहील. दोन पावलं मागे जाऊन काढलेला आणि नंतर कापलेला फोटो जास्त सुंदर येतो.

## २. मूळ फाईल बाजूला ठेवा

घरी आल्यावर पहिलं काम कॉपी करणं. तारीख आणि ठिकाणाच्या नावाने फोल्डर करा, त्यात 'मूळ' आणि 'तयार' असे दोन भाग करा. 'मूळ' फोल्डरची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

जेपेग प्रत्येक वेळी बदलून सेव्ह केली की थोडा तपशील कमी होतो. म्हणून तीच फाईल पाच वेळा उघडून पाच वेळा सेव्ह करण्याऐवजी मूळ फाईलवरून नव्याने सुरुवात करा. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी यांसारखी सॉफ्टवेअर मूळ फाईलला हात न लावता बदल वेगळे नोंदवून ठेवतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आहेत. मोबाइलवर स्नॅपसीड हे ॲप पुरतं. मोबाइलच्या गॅलरीत मात्र सेव्ह करताना 'कॉपी' असा पर्याय दिसला तर तोच निवडा.

व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लहान होऊन पोहोचतो. एडिटसाठी कोणाकडून फोटो मागवत असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. मला आलेल्या 'अस्पष्ट' फोटोंपैकी कितीतरी फोटो मूळ फाईल मागवल्यावर स्वच्छ निघाले आहेत.

## ३. फोटो कशासाठी आहे ते ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे तीनदा क्रॉप करत बसतात. घरच्या अल्बमसाठी, भिंतीवरच्या फ्रेमसाठी, स्पर्धेसाठी की वर्तमानपत्रासाठी? उत्तरावर दोन गोष्टी अवलंबून आहेत: चौकटीचं प्रमाण, आणि किती बदल करण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

अधिकाराचं आधी. घरच्या फोटोत तुम्ही मागचा कचऱ्याचा डबा पुसलात तर कोणाचं काही बिघडत नाही. बातमी, वन्यजीव किंवा डॉक्युमेंटरी फोटोत मात्र चौकटीच्या आतली वस्तू पुसणं किंवा नवी घालणं म्हणजे बघणाऱ्याला फसवणं. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतला एक विजेता फोटो बाद झाला. छायाचित्रकाराने तो भरपूर कापला होता, कृष्णधवल केला होता, त्यावर परीक्षकांचा आक्षेप नव्हता. मागे दिसणारा एका माणसाच्या पायाचा छोटासा तुकडा त्याने पुसला होता, आणि बक्षीस त्यामुळे गेलं. स्पर्धेला फोटो पाठवण्याआधी नियमपत्रिका वाचा. मूळ रॉ फाईल मागितली जाऊ शकते, म्हणून ती जपून ठेवा.

आता प्रमाण. बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ असतो, मोबाइलचा सहसा ४:३. लॅबमधली ४ बाय ६, ८ बाय १२ आणि १२ बाय १८ ही इंचांतली मापं ३:२ आहेत. मोबाइलचा आडवा ४:३ फोटो ४ बाय ६ वर छापायला दिला की पूर्ण रुंदी बसवताना उंचीतला अर्धा इंच कापला जातो. तो कुठून कापायचा हे तुम्ही ठरवलं नाही तर लॅबचं यंत्र ठरवतं, आणि आजोबांच्या टोपीचा वरचा भाग जातो. ८ बाय १० हे माप तर ३:२ फोटोची लांबी बारा इंचांवरून दहावर आणतं. ग्रुप फोटोत कडेला उभी असलेली दोन माणसं तिथे सहज गायब होतात.

## ४. स्क्रीन आणि खोली

रात्रीचा पिवळसर मोड बंद करा. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट करू नका, स्वतःहून कमी-जास्त होणारा ब्राइटनेसही बंद ठेवा. "लॅबने फोटो काळपट काढला" या तक्रारीमागे बहुतेक वेळा घरची झगझगीत स्क्रीन असते: तिथे फोटो पुरेसा उजळ वाटला म्हणून तुम्ही तो गडद ठेवला. खिडकीचं ऊन स्क्रीनवर पडत असेल तर पडदा ओढा.

तपासा: तुमच्या आवडीचा एक जुना छापील फोटो आणि त्याचीच फाईल शेजारी ठेवा. खोलीच्या नेहमीच्या उजेडात स्क्रीनवरचा फोटो कागदापेक्षा खूपच उजळ दिसत असेल तर ब्राइटनेस उतरवा.

## ५. आधी सरळ करा

क्रॉपच्या आधी लेन्स करेक्शन (लेन्समुळे वाकलेल्या रेषा सरळ करणं), मग क्षितिज, मग उभ्या रेषा. या तिन्हींत कडा कापल्या जातात, म्हणून हे आधी उरकायचं.

ठाणे खाडीच्या फोटोत लोक एक चूक हमखास करतात. पलीकडचा काठ म्हणजे क्षितिज असं धरून तो आडवा करतात. काठ तुमच्यापासून तिरका दूर जात असेल तर फोटोत तो तिरकाच दिसायला हवा. त्याला आडवा केलंत की पक्षी, पाणी सगळंच कलतं. त्याऐवजी चौकटीच्या मध्याजवळचा विजेचा मनोरा किंवा इमारतीची कड बघा. तीही नसेल तर प्रतिबिंब बघा: पक्ष्याची चोच आणि पाण्यातली तिचीच चोच एकाच उभ्या रेषेत यायला हव्यात.

इमारतीचा फोटो खालून काढला की भिंती वर जाताना आत झुकतात. पर्स्पेक्टिव्हच्या स्लायडरने त्या सरळ होतात, पण काटेकोर शंभर टक्के सरळ केल्या तर इमारत वरून रुंद झाल्यासारखी भासते. थोडा झुकाव राहू द्या.

## ६. क्रॉप

इथे घाई करू नका. पूर्ण एडिटमधला सर्वांत जास्त वेळ मी या पायरीला देतो.

अ) किती कापता येईल, ते आधी मोजा. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या केल्या तर ३००० बाय २००० उरतात, म्हणजे ६ मेगापिक्सेल. निम्मा नाही, पाव फोटो उरतो. हातात धरून बघायच्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल उत्तम, २०० चालतात. ३००० पिक्सेल १८ इंचांवर पसरले तर इंचाला जेमतेम १६७ येतात. भिंतीवर लांबून बघायला तो फोटो चालेल, अल्बममध्ये खटकेल.

आकडा जमला तरी फोटो १०० टक्क्यांवर मोठा करून पक्ष्याचा किंवा माणसाचा डोळा बघा. डोळा स्पष्ट नसेल तर घट्ट क्रॉप करू नका. त्याच फोटोत थवा, खाडी आणि मागचं शहर ठेवून रुंद चौकट निवडा. पुष्कळदा तोच फोटो जास्त बोलका ठरतो.

आ) प्रमाण लॉक करा. तिसऱ्या टप्प्यात ठरवलेलं प्रमाण निवडून मगच चौकट हलवा. छापायचं असेल तर महत्त्वाची गोष्ट कडेपासून आत ठेवा. लॅबची कटिंग आणि फ्रेमचा माउंट दोन्ही थोडं थोडं खातात.

इ) चारही कडांवरून एक फेरी मारा. नजर नेहमी मध्यावर असते आणि गडबड कडेला होते. नौपाड्यातल्या शोभायात्रेच्या फोटोत नऊवारी नेसून बुलेट चालवणारी ताई मधोमध छान येते, पण डाव्या कोपऱ्यात कोणाचा तरी मोबाइल धरलेला हात आणि उजवीकडे अर्ध्यावर तुटलेला ढोल. हे दोन्ही कापले की फोटो लगेच शांत होतो.

ई) शरीर कुठे कापलं जातंय ते बघा. मनगट, कोपर, गुडघा, घोटा या सांध्यांवर कड येऊ देऊ नका. मांडीच्या मध्यावर किंवा कंबरेच्या वर कापलेला माणूस नैसर्गिक दिसतो. फ्लेमिंगोचे पाय कापायचेच असतील तर ठामपणे कापून मान आणि चोचीवर या. नाहीतर पाय पूर्ण ठेवा. पायांची फक्त टोकं गेलेला फोटो चुकून कापल्यासारखा दिसतो. प्रतिबिंब घेताय तर तेही पूर्ण घ्या.

उ) नजरेपुढे जागा ठेवा. पक्षी ज्या दिशेला उडतोय, माणूस ज्या दिशेला बघतोय, तिकडे मागच्यापेक्षा जास्त मोकळीक हवी. तृतीयांशाची जाळी (चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करणाऱ्या रेषा) मदतीला आहे, पण विषय जाळीच्या छेदावर बसवायचा म्हणून चांगला संदर्भ कापून टाकू नका.

संदर्भ कापणं ही मला सर्वांत जास्त खुपणारी चूक आहे. त्याच ताईचा फक्त हसरा चेहरा ठेवला तर तो कुठल्याही दिवशीचा, कुठल्याही गावचा चेहरा होतो. मागच्या गॅलरीतली गुढी आणि रस्त्यावरची रांगोळी राहिली तर तो ठाण्याचा पाडवा होतो. दहा वर्षांनी तोच फोटो आपल्याला हवासा वाटेल. म्हणून एका फोटोचे दोन क्रॉप ठेवा, एक घट्ट आणि एक रुंद.

थांबा: क्रॉप झाल्यावर फोटो लहान करून, अंगठ्याच्या नखाएवढा बघा. नजर लगेच विषयावर जात नसेल तर पुढच्या पायरीकडे जाऊ नका. चौकट बदला.

क्रॉप रंगांच्या आधी का, तर जे कापून जाणार आहे त्याचा परिणाम तुमच्या निर्णयावर होऊ नये. कोपऱ्यातलं पांढरं आकाश चौकटीत असेपर्यंत तुम्ही सगळा फोटो गडद करत राहता. ते कापलं की लक्षात येतं, चेहरा बरोबर उजळ होता.

## ७. व्हाइट बॅलन्स

उजेडाच्या आधी रंगाचा तोल. फोटोतली खरोखर पांढरी किंवा राखाडी गोष्ट शोधा: सदरा, धोतर, कागद. ड्रॉपरने (रंग उचलणाऱ्या पिचकारीच्या चिन्हाने) त्यावर टिचकी द्या आणि मग डोळ्यांनी थोडं पुढे-मागे करा.

हळदीच्या फोटोत ऑटो व्हाइट बॅलन्स दगा देतो. चौकटभर पिवळा रंग बघून तो पिवळा कमी करायला जातो, हळद फिकट होते आणि पांढऱ्या कपड्यांवर निळसर झाक येते. चेहऱ्यावर ड्रॉपर कधीच लावू नका. त्याच जागी, त्याच उजेडात काढलेल्या दुसऱ्या फोटोतला पांढरा कपडा घ्या आणि तोच आकडा सगळ्या फोटोंना लावा.

तलावपाळीवर संध्याकाळी आकाश निळं, दुकानांचे दिवे पिवळे, पाण्यात दोन्ही. इथे सगळं पांढरं करायचा हट्ट धरू नका. माणसांचे चेहरे बरे दिसतील एवढं करा आणि दिव्यांची ऊब राहू द्या.

## ८. उजेड

क्रम असा: एक्स्पोजर (एकूण उजेड), हायलाइट्स (उजळ भाग), शॅडोज (गडद भाग), मग काळा आणि पांढरा बिंदू, शेवटी कॉन्ट्रास्ट. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, उघडा ठेवा. उजव्या भिंतीला आलेख चिकटला तर तिथला तपशील गेला.

भगव्या फेट्यांच्या आणि झेंड्यांच्या फोटोत एकत्रित हिस्टोग्राम फसवतो. तो ठीक दिसतो, पण एकटी लाल वाहिनी भिंतीला टेकलेली असते. कापडाची वीण, घड्या जाऊन फेटा सपाट नारिंगी ठिगळासारखा दिसतो. तिन्ही वाहिन्या वेगळ्या दाखवणारा हिस्टोग्राम बघा. रॉ असेल तर एक्स्पोजर किंचित उतरवून लाल-नारिंगीची चमक कमी केली की वीण बहुधा परत येते. जेपेगमध्ये गेलेली वीण परत येत नाही.

शॅडोज फार वर ओढू नका. भर दुपारच्या उन्हात पेंडॉलखालची माणसं बाहेरच्या रस्त्याएवढीच उजळ दिसली तर फोटो खोटा वाटतो, शिवाय नॉइज (दाणेदारपणा) वर येतो.

## ९. रंग

सगळेच रंग भडक करणाऱ्या सॅच्युरेशनऐवजी फिक्या रंगांना जास्त उठाव देणारा व्हायब्रन्स वापरा, तोही थोडा. फ्लेमिंगोंना गुलाबी करण्याचा मोह आवरा. खाडीत दोन जाती येतात. लहान रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) जास्त गुलाबी आणि चोच गडद, मोठा रोहित पांढराशा अंगाचा, चोच गुलाबी आणि टोक काळं. पिल्लं राखाडी-तपकिरी असतात. सगळा थवा एकसारखा गुलाबी केला तर जात आणि वय ओळखण्याची खूणच आपण पुसतो.

आणि कृपा करून माणसांना गोरं करू नका. त्वचा गुळगुळीत करणारा स्लायडरही दूर ठेवा. सावळ्या चेहऱ्याला नीट उजेड द्या, सावल्या थोड्या मऊ करा. फोटोतल्या आजींना त्यांच्या सुरकुत्यांसकट ओळखणारी माणसं तो फोटो बघणार आहेत.

## १०. पुसापुशी

सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुसा, ते दृश्यात नव्हतेच. त्यापुढे तिसऱ्या टप्प्यात ठरवलेली मर्यादा पाळा. फ्लेमिंगोंच्या मागचे विजेचे मनोरे आणि टॉवर पुसायला मला नेहमी सांगितलं जातं. मी पुसत नाही. हे पक्षी शहराला खेटून चरतात, आणि ते शहर चौकटीतून गेलं तर खाडीची खरी अवस्थाच फोटोतून जाते. मनोरा नकोच असेल तर क्रॉपने बाहेर ठेवा.

## ११. शेवटची पायरी: नॉइज, शार्पनिंग, एक्सपोर्ट

नॉइज कमी करताना १०० टक्क्यांवर बघा. पिसं मेणासारखी दिसायला लागली की मागे या. शार्पनिंग सर्वांत शेवटी, हव्या त्या मापात फोटो लहान केल्यावर. आधी शार्प करून नंतर लहान केला तर शार्पनिंगचा परिणाम पुसट होतो. ऑनलाइनसाठी एसआरजीबी ही रंगांची प्रोफाइल निवडा, लॅबलाही तीच चालते. वेगळी प्रोफाइल हवी असेल तर लॅब सांगेल.

मोठी छपाई देण्याआधी त्याच फाईलचा ४ बाय ६ काढून घ्या. लॅबच्या काउंटरवर 'ऑटो करेक्शन बंद ठेवा' असं स्पष्ट सांगा, नाहीतर तुम्ही जपलेली संध्याकाळ यंत्र दुपार करून टाकतं. छोटा प्रिंट घरी आणा, ट्यूबलाइटखाली बघा, दुसऱ्या दिवशी खिडकीशी बघा. गडद वाटला तर फाईलमध्ये एक्स्पोजर थोडं वाढवून पुन्हा एक छोटा प्रिंट काढा, आणि तो पटला की मगच १२ बाय १८ ची ऑर्डर द्या.